ऑटोमॅटिक डायव्हर घड्याळ सारखं बंद पडतंय, नाहीतर पुढे पळतंय? उघडायला देण्याआधी हे तपासा

तक्रार साधारण अशी असते. दोनशे मीटर पाण्याला टिकणारं, जाडजूड स्टीलचं ऑटोमॅटिक डायव्हर, म्हणजे पाण्याखाली जाणाऱ्यांसाठीचं घड्याळ, हौसेनं घेतलं. काही महिने छान चाललं. आता मात्र रात्री काढून ठेवलं की सकाळी बंद. हातात घेऊन हलवलं की चालू होतं, वेळ लावायची, आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच. काहींचं दुखणं वेगळं असतं. घड्याळ बंद पडत नाही, पण परवापर्यंत नीट चालणारं आता रोज पाच-पाच मिनिटं पुढे जातं. दोन्ही ठिकाणी पहिला विचार येतो तो 'मशीन गेलं'. प्रत्यक्षात अशा बऱ्याच घड्याळांचं मशीन ठणठणीत असतं.

उघडायची घाई करू नका असं मी आग्रहानं सांगतो, त्याला कारण आहे. डायव्हरचं मागचं झाकण उघडलं की त्याचं पाण्यापासूनचं संरक्षण तिथेच तुटतं. झाकणाखालचं गॅस्केट, म्हणजे पाणी अडवणारी रबरासारखी कडी, पुन्हा नीट बसवायला लागतं, गरज असेल तर बदलायला लागतं, आणि मग दाबाची चाचणी करायला लागते. ती चाचणी न करता परत आलेलं घड्याळ वर कितीही मीटर लिहिलेले असले तरी पाण्यात नेण्याच्या लायकीचं राहत नाही. त्यामुळे जे बाहेरून कळू शकतं ते आधी बाहेरूनच पाहायचं. आणि बाहेरून बरंच कळतं, कारण घड्याळ कसं चुकतं यावरून ते का चुकतं हे ओळखता येतं.

रात्रीत बंद पडणं

ऑटोमॅटिकला बॅटरी नसते. आत एक जड अर्धवर्तुळाकार रोटर असतो, मनगट हललं की तो फिरतो आणि गिअरमधून मेनस्प्रिंगला चावी देतो. मेनस्प्रिंग उलगडत जाते तसं घड्याळ चालतं. पूर्ण चावी असली तर बहुतेक ऑटोमॅटिक घड्याळं अंगावरून काढल्यावर दीड दिवसाहून जास्त चालतात. सेइकोच्या ७एस२६ आणि ४आर३६ या मूव्हमेंटचा (म्हणजे आतल्या मशीनचा) साठा सुमारे 41 तासांचा, ईटीए या स्विस कंपनीच्या २८२४-२ चा सुमारे 38 तासांचा. हल्ली 70-80 तास चालणारीही मिळतात.

हे आकडे पूर्ण चावीचे आहेत हे मात्र सहज विसरलं जातं. दिवसभर खुर्चीवर बसून टायपिंग करणाऱ्याचा हात टेबलावर टेकलेला असतो. घड्याळ दहा तास मनगटावर असलं तरी रोटर फारसा फिरलेला नसतो. संध्याकाळी घड्याळ काढताना स्प्रिंग निम्मीही भरलेली नसेल, तर पहाटे ते थांबणारच. किती तास घातलं यापेक्षा त्या तासांत हात किती हलला हे महत्त्वाचं. पट्टा सैल असेल तर आणखी एक गोष्ट होते. डायव्हर वजनदार असल्यामुळे ते मनगटाच्या बाजूला घसरून एकाच तिरप्या स्थितीत लोंबत राहतं, आणि हाताची हालचाल रोटरपर्यंत हवी तशी पोहोचत नाही. स्टीलच्या पट्ट्याची एखादी कडी कमी करण्यानेही फरक पडू शकतो.

म्हणून पहिली चाचणी पूर्ण चावीची. क्राउन (घड्याळाच्या बाजूचं, चावी द्यायचं आणि वेळ लावायचं गोल बटण) उघडा, म्हणजे डावीकडे फिरवून आटे सोडवा. तो थोडा बाहेर येतो. आणखी बाहेर न ओढता, त्याच जागी पुढच्या दिशेनं फिरवायला लागा. मूव्हमेंटप्रमाणे तीस ते पन्नास-पंचावन्न वेढे लागतात. जास्त चावी दिल्यानं स्प्रिंग तुटेल ही भीती ऑटोमॅटिकच्या बाबतीत नको. मेनस्प्रिंग ज्या डब्यात असते त्याच्या भिंतीला तिचं बाहेरचं टोक पक्कं अडकवलेलं नसतं, पूर्ण भरल्यावर ते भिंतीवरून घसरतं. मग क्राउन नीट बंद करा, वेळ लावून डायल वर करून घड्याळ टेबलावर ठेवा आणि ते कधी थांबतं याची नोंद करा.

ते जवळपास चाळीस तास चाललं तर मशीन, तेल, स्प्रिंग सगळं जागेवर आहे. कमी पडते आहे ती हालचाल. उपाय सोपा आहे: आठवड्यातून एक-दोनदा हातानं चावी द्या, पट्टा नीट बसवा, नाहीतर घड्याळ फिरवत ठेवणारी वाइंडरची पेटी वापरा. पेटी घ्यायची तर आपल्या मूव्हमेंटला रोटरच्या कोणत्या दिशेनं चावी बसते ते आधी पाहा. सेइकोची मॅजिक लिव्हर नावाची यंत्रणा दोन्ही दिशांनी चावी देते, मियोटा ८२१५ ही मूव्हमेंट एकाच दिशेनं. पेटी चुकीच्या दिशेनं फिरत राहिली तर घड्याळ पेटीतही बंद पडतं, आणि मालक पुन्हा घड्याळालाच दोष देतो.

पूर्ण चावी देऊनही घड्याळ पंधरा-वीस तासांत थांबत असेल तर गोष्ट वेगळी. तेल सुकलेलं असतं, एखाद्या चाकात कचरा असतो किंवा मेनस्प्रिंग थकलेली असते. इथे घरचे उपाय संपतात, सर्व्हिसिंगला द्या. आणि चाचणीत चाळीस तास चालणारं घड्याळ भरपूर चालण्या-फिरण्याच्या दिवसानंतरही रात्रीत बंद पडत असेल, तर शंका रोटरकडून मेनस्प्रिंगकडे जाणाऱ्या भागाची. घड्याळ कानाजवळ धरून हळूच कलवा. रोटरची मऊ घरघर ऐकू येणं साहजिक आहे, पण धातू धातूवर घासल्यासारखा खरखरीत आवाज आला तर रोटरचा स्क्रू किंवा बेअरिंग सैल झालेलं असू शकतं. अशा वेळी ते आणखी हलवून पाहू नका. घासून निघालेला धातूचा कीस मशीनभर पसरतो.

हातानं चावी न बसणारी घड्याळं

हा मुद्दा वेगळा काढतोय, कारण यावरून फार गोंधळ होतो. 1996 पासून 2019 पर्यंत बनलेलं सेइकोचं एसकेएक्स००७ आजही असंख्य मनगटांवर आहे, आणि टिकाऊ ऑटोमॅटिक डायव्हर म्हटलं की जाणकारांना तेच आधी आठवतं. चारच्या आकड्याजवळचा क्राउन, दोनशे मीटर, मिनरल काच, अंधारात लख्ख उजळणारे गोल ठिपके. त्यातल्या ७एस२६ मूव्हमेंटला हातानं चावी बसत नाही. क्राउन कितीही फिरवला तरी स्प्रिंगला काही होत नाही. सेकंद काटा थांबवण्याची सोयही त्यात नाही, क्राउन ओढला तरी काटा चालतच राहतो. हा बिघाड समजून लोक घड्याळ दुरुस्तीला नेतात. ती त्याची मूळ रचनाच आहे.

अशा घड्याळाला जागं करायचं तर डायल वर ठेवून, आडवं धरून, हलक्या हातानं अर्धवर्तुळात अर्धा-एक मिनिट झुलवा. जोरजोरात झटकू नका, त्यानं चावी जास्त बसत नाही. एवढ्यानं ते चालू होतं, भरत मात्र नाही. झुलवून लगेच ठेवून दिलं आणि दोन तासांत थांबलं, तर तो दोष धरू नका. चाचणी घ्यायची तर दिवसभर नीट हालचाल झाल्यावर घ्या.

जाता जाता सांगतो. डायव्हरच्या सेकंद काट्यावर चमकणारा ठिपका असतो तो शोभेचा नाही. डायव्हिंगच्या घड्याळांसाठी आयएसओ ६४२५ हे मानक आहे, आणि घड्याळ चालू आहे हे पूर्ण अंधारातही दिसलं पाहिजे अशी त्यात अटच आहे. पाण्याखाली बंद पडलेलं घड्याळ चालू समजणं जिवावर बेतू शकतं. रात्री जाग आली तर त्याच ठिपक्याकडे पाहा. घड्याळ कधी थांबतं हे शोधायला तो घरातही कामी येतो.

वेळ चुकणं: किती चूक ही चूक?

दिवसात 86,400 सेकंद असतात. त्यात दहा सेकंदांची चूक म्हणजे दहा हजारात एक भागाच्या आसपास. काटे, चाकं आणि केसाएवढ्या स्प्रिंगवर चालणाऱ्या यंत्राला हे जमतं याचं मला आजही कौतुक वाटतं. क्रोनोमीटरचं प्रमाणपत्र देणारी स्वित्झर्लंडमधली सीओएससी ही संस्था दिवसाला सरासरी 4 सेकंद मागे ते 6 सेकंद पुढे एवढी मुभा ठेवते. ७एस२६ साठी सेइकोनं दिलेली मर्यादा दिवसाला 20 सेकंद मागे ते 40 सेकंद पुढे अशी आहे. तेव्हा असं घड्याळ आठवड्यात तीन मिनिटं पुढे गेलं तर ते कागदावरच्या मर्यादेतच चालतंय. कमी करून हवं असेल तर रेग्युलेशन, म्हणजे चाल जुळवणं, करून मिळतं, पण त्याला बिघाड म्हणता येणार नाही.

मोजायचं कसं? आधी पूर्ण चावी, कारण स्प्रिंग संपत आली की बॅलन्स व्हीलचा, म्हणजे मागेपुढे झुलत घड्याळाचा ताल धरणाऱ्या चाकाचा, झोका लहान होतो आणि वेळ भरकटते. अर्धपोटी घड्याळाची नोंद काही कामाची नसते. मग रोज एकाच वेळी, फोनवरच्या वेळेशी ताडून फरक लिहा. आठवडाभर लिहा, एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका. सोबत रात्री घड्याळ कसं ठेवलं तेही लिहा: डायल वर, क्राउन वर की क्राउन खाली. गुरुत्वाकर्षणामुळे प्रत्येक स्थितीत घड्याळाची चाल थोडी बदलते. दिवसा पुढे जाणारं घड्याळ रात्री ज्या स्थितीत मागे पडतं त्या स्थितीत ठेवलं, तर बरीच चूक आपोआप फिटते. एक पैसा खर्च न होता.

फोनच्या माइकवरून टिकटिक ऐकून चाल सांगणारी ॲपही मिळतात. खोली शांत हवी आणि घड्याळ माइकला टेकलेलं हवं. झोका अंशांत दाखवणाऱ्या ॲपला लिफ्ट अँगल (मूव्हमेंटप्रमाणे ठरलेला एक कोन) सांगावा लागतो, सेइकोच्या ७एस, ४आर आणि एनएच मालिकांसाठी तो 53 अंश. पूर्ण चावी आणि डायल वर असताना झोका साधारण 250 ते 300 अंशांत असला तर तब्येत उत्तम. 200 च्या खाली असेल तर तेल सुकलंय असं समजा.

अचानक मिनिटांनी पुढे जाणं

नोंदवही इथे खरी उपयोगी पडते. तेल सुकणं, झीज होणं ही कामं महिनोन्‌महिने हळूहळू चालतात. सोमवारी आठ सेकंद पुढे असलेलं घड्याळ बुधवारी चार मिनिटं पुढे असेल, आणि मध्ये कुठे आपटलं नसेल, तर पहिला संशय चुंबकाचा घ्यायचा.

आत काय होतं ते सांगतो. बॅलन्स व्हीलच्या मध्यावर हेअरस्प्रिंग असते, केसासारख्या बारीक पट्टीची गुंडाळी. तिचे वेढे एकमेकांना न शिवता श्वास घेतल्यासारखे फाकतात आणि मिटतात. तिच्यात चुंबकत्व शिरलं की शेजारचे वेढे एकमेकांना चिकटायला बघतात. स्प्रिंगची काम करणारी लांबी कमी होते, आणि लांबी कमी झाली की झोके भरभर पडतात. त्यामुळे चुंबक लागलेलं घड्याळ बहुधा पुढे पळतं. हेअरस्प्रिंग सिलिकॉनची असेल तर तिला हा त्रास होत नाही, पण मध्यम किमतीच्या डायव्हरमध्ये बहुतेक वेळा मिश्रधातूचीच असते.

डायव्हर चुंबकाला दाद देत नाही असा एक समज आहे. आयएसओ मानकात 4,800 अँपिअर प्रतिमीटर एवढ्या चुंबकी क्षेत्राची चाचणी आहे हे खरं. गॉस या दुसऱ्या एककात मोजलं तर ते सुमारे 60 होतात. स्पीकरच्या, टॅबलेटच्या कव्हरच्या किंवा पर्सच्या कुलपाच्या चुंबकाला घड्याळ अगदी टेकलं, तर त्या जागी क्षेत्र याहून कितीतरी जास्त असू शकतं. दिलासा एवढाच की अंतर वाढलं की ते झपाट्यानं घटतं, थोडं लांब ठेवलं तरी धोका बराच ओसरतो. म्हणून रात्री घड्याळ कुठे ठेवता ते पाहा. ब्लूटूथ स्पीकरवर, फोनच्या चुंबकी चार्जरशेजारी किंवा लॅपटॉपच्या झाकणावर ठेवत असाल, तर समस्या पुन्हा पुन्हा का येते याचं उत्तर तिथेच आहे.

ओळखण्यासाठी सुईचं साधं होकायंत्र घ्या. ते सपाट ठेवून घड्याळ हळूहळू जवळ न्या, वेगवेगळ्या बाजूंनी. सुई ठळकपणे हलली तर शंका बळावते. आतल्या पोलादी भागांमुळेही ती किंचित ढळू शकते, त्यामुळे हलकी थरथर पुरावा धरू नका.

उपाय डिमॅग्नेटायझरचा, म्हणजे चुंबकत्व काढणाऱ्या यंत्राचा. घड्याळजीकडे तो असतोच, आणि घरी वापरायचं छोटं यंत्रही मिळतं. झाकण उघडायचं नाही. बटण दाबलेलं ठेवून घड्याळ यंत्राच्या वर धरायचं, आणि बटण तसंच दाबून ठेवत घड्याळ हळूहळू हातभर लांब न्यायचं. लांब गेल्यावरच बटण सोडायचं. घड्याळ जवळ असताना बटण सोडलं तर चुंबकत्व आतच राहू शकतं, कधी वाढतंही. अशी यंत्रं पटकन तापतात, काही सेकंदांपेक्षा जास्त दाबून ठेवू नका. त्यानंतर पुन्हा दोन-तीन दिवस नोंद करा. चार मिनिटांचे पुन्हा आठ सेकंद झाले तर काम संपलं.

घड्याळ पडल्यावर किंवा आपटल्यावर लगेच असं पळायला लागलं, तर मात्र हेअरस्प्रिंगचा वेढा कुठेतरी अडकलेला असू शकतो. डिमॅग्नेटायझरनं फरक पडला नाही की कारागिराकडे न्या. झाकण काढून रेग्युलेटरची, म्हणजे चाल कमी-जास्त करायची, दांडी स्वतः सरकवू नका. ती दांडी ज्या स्प्रिंगवर चालते तिला चिमट्याचा नुसता स्पर्श पुरतो वाकायला.

क्राउन आणि काचेखालची वाफ

वर चावी देण्यासाठी क्राउन उघडायला सांगितला, त्यामुळे तो बंद करण्याबद्दलही सांगायला हवं. डायव्हरमध्ये सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. क्राउन आत दाबून सरळ पुढे फिरवला की आटे तिरपे धरले जाऊ शकतात. तसे धरले की ताकद लावावी लागते, आणि ताकद लावली की आटे कायमचे कापले जातात. बरोबर पद्धत अशी: क्राउन हलकेच दाबा आणि आधी उलटा, डावीकडे फिरवा. एका जागी बारीकशी टिचकी जाणवते, आट्याचं तोंड खाली उतरतं. तिथून उजवीकडे फिरवा. लोण्यासारखा फिरला तर बरोबर, अडला तर थांबा आणि पुन्हा उलटा फिरवून सुरुवात करा. शेवटी बोटांनी घट्ट एवढंच, पक्कड कधीच नाही.

काचेखाली वाफ दिसली तर वरची सगळी चाचणी बाजूला ठेवा. या एकाच तक्रारीत वाट पाहून चालत नाही. मानकातली वाफेची चाचणी अशी असते: घड्याळ 40 ते 45 अंशांपर्यंत तापवतात, काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवतात, मिनिटभरानं पुसून पाहतात. आतून धुकं दिसलं तर घड्याळ नापास. मनगटावरच्या गरम घड्याळावर गार पाण्याचा थेंब ठेवून तुम्हीही असंच पाहू शकता. आतून पुसट डाग उमटला तर आत ओलावा आहे. उन्हात ठेवून, हेअर ड्रायर मारून तो 'वाळवू' नका, पाणी फक्त वाफ होऊन दुसऱ्या कोपऱ्यात बसतं आणि उष्णतेनं गॅस्केटही खराब होतं. त्याच दिवशी घड्याळ उघडून सुकवून घ्या. समुद्राचं पाणी शिरलं असेल तर शक्य तेवढ्या तासांत, कारण मीठ पोलादाला लगेच लागतं.

वाफ वारंवार येत असेल तर गॅस्केट संपलेलं आहे. क्राउनखालचं, काचेभोवतीचं आणि झाकणाखालचं, तिन्ही बदलायला सांगा. गरम पाण्याची आंघोळ आणि साबण गॅस्केटचं आयुष्य घटवतात, त्यामुळे दोनशे मीटरचं घड्याळही आंघोळीला काढलेलं बरं.

उरलेल्या बारीकसारीक गोष्टी

तारीख दुपारी बारा वाजता बदलत असेल तर सकाळ-रात्र उलटी लागलेली आहे, काटे बारा तास पुढे करा. रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान मात्र तारीख क्राउननं पटकन बदलू नका, त्या वेळी तारखेचे दाते गुंतलेले असतात आणि तुटू शकतात.

बेझल, म्हणजे काचेभोवतीची फिरणारी कडी, अडकत असेल तर त्याखाली वाळू, मीठ नाहीतर पट्ट्याखालचा घाम साठलेला असतो. क्राउन बंद आहे याची खात्री करून घड्याळ गोड्या पाण्यात काही वेळ बुडवून ठेवा, मऊ ब्रशनं कडेनं घासा, मग फिरवत फिरवत पुन्हा धुवा. तेल सोडू नका, त्यात धूळ आणखी धरते. बेझल फक्त उलट्या दिशेनंच फिरतं हा बिघाड नाही. चुकून धक्का लागला तर पाण्याखाली गेलेला वेळ आहे त्यापेक्षा जास्तच दिसावा, कमी कधीच नाही, यासाठी ते मुद्दाम तसं केलेलं असतं.

घड्याळ कारागिराकडे द्यायची वेळ आलीच तर 'नीट चालत नाही' एवढंच सांगू नका. पूर्ण चावीवर किती तास चाललं, रोज किती सेकंदांचा फरक पडतो, कोणत्या स्थितीत पडतो, चूक अचानक सुरू झाली की हळूहळू, मध्ये पडलं का, ही नोंद कागदावर लिहून घड्याळासोबत द्या. आणि परत घेताना गॅस्केट बदललं का, दाबाची चाचणी किती बारवर (बार हे दाबाचं एकक) केली, हे विचारून घ्या.